उंबराचं फूल

रविवार, रात्रीचे साडेदहा

शेजारच्या काकू गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी घरी आल्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, त्यांना म्हणाल्या, "उंबराचं फूल झालीस की गं!" धाकटा तिथंच दप्तर उपसत बसला होता. "आज्जी, उंबराला फूल असतंय?"

"असतंय, पण रात्री फुलतंय. ज्याला दिसलं त्याचं नशीब उघडलं."

एवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दत्ताच्या देवळामागून चार उंबरं खिशात भरून आणली. मी विळीवर एक उभं चिरलं. आतल्या भिंतीला बारीक बारीक फुलं दाटीनं चिकटलेली. आपण ज्याला फळ म्हणतो तो बाहेरून मिटलेला फुलांचा गुच्छच असतो. टोकाला सुईच्या अग्राएवढं दार. त्यातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. ती फुलांवर पराग सोडते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या लेकी मोठ्या झाल्या की नवे पराग अंगावर घेऊन दुसऱ्या उंबराकडं निघतात. पिकलेल्या उंबरात किडे असतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण ते किडे नसतील तर बी धरणार नाही. धाकटा म्हणाला, "म्हणजे आज्जीला फूल रोजच दिसलंय, नुसतं चिरायचं राहिलंय."

त्या संध्याकाळी मी ठरवलं, पोरांना झाडं बघायला न्यायचंच. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. शिवाजी विद्यापीठाचा परिसर 853 एकरांचा, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाची मोठी वनस्पती बाग आहे. सह्याद्रीतली दुर्मीळ झाडं-वेली तिथं जपल्यात. महामार्गानं गेलं की शहराच्या गर्दीत शिरायच्या आधीच विद्यापीठ लागतं, हे आत्यांच्या गुडघ्यांसाठी फार बरं.

आज जेवताना हे म्हणाले, "कोल्हापूरला जातोयच तर अंबाबाई, रंकाळा आणि येताना जोतिबा करूया." मी स्पष्ट नाही म्हटलं. गेल्या दिवाळीत आम्ही एका दिवसात अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा आणि जोतिबा केलं होतं. धाकटा पन्हाळ्याच्या वळणांवर दोनदा ओकला, थोरली न्यू पॅलेसमध्ये वाघाजवळ थांबली तर आम्ही दंडाला धरून पुढं ओढली. रात्री घरी आल्यावर काय बघितलं विचारलं तर म्हणाली, "गाडी." मला ते फार लागलं. या वेळी एकच ठिकाण. एखाद्या झाडापाशी पोरं तासभर रमली तर तासभर तिथंच बसायचं. अंबाबाईला आत्यांना मी वेगळी नेईन. हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, डिझेल पण वाचतंय."

दिवस कुठला, हा प्रश्न राहतो. विद्यापीठ चालू असलेला दिवस हवा, म्हणून पोरांचीच एक दिवस रजा काढायची. उद्या सकाळी विभागात फोन करून बाहेरच्या माणसांना आत कधी सोडतात ते विचारते आणि परवानगी मागते. अनंत चतुर्दशीनंतरचा आठवडा धरलाय. तेव्हा पितृपंधरवडा असणार, म्हणून आत्यांना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडं बघायला कसलं सुतक? उलट उंबराला पाणी घालून येऊ."

आणि हेच दिवस हवेत, कारण पाऊस ओसरायला लागला की कंदीलपुष्पं फुलतात. या वेलींच्या कित्येक जाती त्या बागेत सांभाळल्यात. फूल खरंच आकाशकंदिलासारखं. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. चिलटं आत घसरतात पण वर येता येत नाही. केस सुकले की वाट मोकळी, आणि चिलटं पराग घेऊन बाहेर. उंबर चिरून बघितलेल्या पोराला हे किती आवडेल! फूल तोडायचं नाही, वेलीला हातही लावायचा नाही, हे मात्र दोघांकडून आत्ताच कबूल करून घेतलंय. खाली पडलेलं पान चालेल.

थोरलीनं वहीत तीन रकाने आखलेत. एकात आज्जीचं नाव, दुसऱ्यात शाळेतलं कन्नड नाव, तिसऱ्यात बागेतल्या पाटीवरचं. वड, आलद मर. पिंपळ, अरळी. उंबर, अत्ती. तिसरा रकाना मी तिघांचाच भरून दाखवला: फायकस बेंगालेन्सिस, फायकस रिलिजिओसा, फायकस रेसिमोसा. ती बघत राहिली. "तिघांचं आडनाव एकच?" हो, आणि हजेरीपटावर असतं तसं आडनाव आधी, नाव नंतर. 1753 साली लिनियस या स्वीडिश माणसानं ही नावं दिली. मराठीत आणि कन्नडमध्ये तिघं वेगवेगळे वाटतात, या पाटीवर भावंडं निघतात. आपल्याकडं एका गोष्टीला दोन नावं म्हटलं की लगेच कुठलं खरं यावर आवाज चढतात. माझी लेक दोन्ही शेजारी शेजारी लिहिते, याचा मला मनापासून आनंद आहे.

डबा साधाच: दशम्या, शेंगाची चटणी, दहीभात. थोरलीनं मेणाचे खडू आणि पातळ कागद काढून ठेवलेत, खोडावर कागद धरून खडू घासला की सालीचा छाप उमटतो. आत्यांसाठी घडीची खुर्ची, एक छत्री, एक जादा कपड्यांचा जोड.

झोपायच्या आधी धाकट्यानं भिंग मागितलं. आजोबा त्या भिंगातून पेपर वाचायचे हे त्याच्या लक्षात आहे, तेव्हा तो चार वर्षांचा होता. आत्यांनी ट्रंक उघडली, चष्म्याच्या घराखाली ते तसंच होतं. एका कडेला टवका गेलाय, पण दिसतं स्वच्छ. त्यांनी पदरानं पुसलं आणि स्वतःच पिशवीत ठेवलं.