आधीचा आकडा कुठे आहे?

१८ जानेवारी २०१५ च्या पॅट्रियट्स-कोल्ट्स सामन्यात पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी याच्या चेंडूंमधली हवा कोणी मुद्दाम काढली का, यावर आमच्या कुडाळच्या घरात अजून वाद होतो. अमेरिकन फुटबॉल इथे कोण बघतो? पण मुलगा बॉस्टनजवळ राहतो, पुतण्या इंडियानापोलिसला. दोघं गणपतीला आले की पडवीत पॅट्रियट्स (बॉस्टनकडचा संघ) विरुद्ध कोल्ट्स (इंडियानापोलिसचा) सुरू. मुलगा म्हणतो, “आई, ४५-७ ने जिंकणाऱ्यांना हवा काढायची गरज काय?” पुतण्याचा एकच सवाल, “काकी, मगे फोन कित्याक फोडल्यान?” चौकशीच्या सुमारास ब्रेडीने आपला फोन नष्ट करवला होता, त्यावर त्याचं बोट.

हवा किती होती, हे या दोन्ही मुद्द्यांवरून कळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझ्या दृष्टीने हा प्रश्न आधी दाबाचा आणि तापमानाचा आहे.

नियमाने चेंडूत १२.५ ते १३.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब हवा. ब्रेडीला चेंडू मऊ आवडायचा, म्हणून पॅट्रियट्सचे चेंडू १२.५ वर ठेवलेले. गेज, म्हणजे दाबमापक, दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरचे १४.७ मिळवले की होतात २७.२. खोलीत साधारण २२ अंश, मैदानावर पाऊस आणि ९ अंश. म्हणजे केल्विनमध्ये २९५ वरून २८२. त्याच प्रमाणात दाब २६ वर येतो. १४.७ वजा केले की उरले ११.३, चेंडूला कोणी हात न लावता. (बरेच जण १२.५ लाच थेट हे प्रमाण लावतात आणि थंडीने एवढा फरक पडत नाही म्हणतात. तिथेच हिशेब चुकतो.)

मध्यंतरात पॅट्रियट्सचे ११ चेंडू दोन गेजनी मोजले. लोगो असलेल्या गेजवर सरासरी ११.४९, दुसऱ्यावर ११.११. स्पर्धा चालवणाऱ्या लीगच्याच (एनएफएलच्या) तज्ज्ञांचा अंदाज होता, नुसत्या थंडीने दाब ११.३२ ते ११.५२ वर येईल. म्हणजे सगळं अडलं एका प्रश्नावर: सामन्याआधी कोणता गेज वापरला होता? पंच वॉल्ट अँडरसन यांना आठवत होता लोगोवाला. चौकशी करणाऱ्या टेड वेल्स यांनी ठरवलं, बहुधा दुसरा. सामन्याआधीचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते!

पॅट्रियट्सचा एक कर्मचारी चेंडूंच्या पिशव्या घेऊन १०० सेकंद स्वच्छतागृहात होता, आणि स्वतःला ‘डिफ्लेटर’ (हवा काढणारा) म्हणवणारा त्याचा जुना मेसेजही आहे. हे मलाही खटकतं, आणि पुतण्याचा संशय मी धुडकावत नाही. पण वेल्स यांच्या २४३ पानांच्या अहवालाचा निष्कर्षही ‘घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढ्यावरच थांबतो. त्यावर ब्रेडीला चार सामन्यांची बंदी आणि संघाला १० लाख डॉलर दंड. माझ्या प्रात्यक्षिकाच्या तासाला कोणी निरीक्षण तक्ता कोरा ठेवून निष्कर्ष लिहिला, तर तो बरोबर असला तरी मी गुण देत नाही.

पुढच्या हंगामापासून लीगने चेंडूंना क्रमांक दिले, सामन्याआधीचा दाब लिहून ठेवायला लावला, काही सामन्यांत मध्यंतरात पुन्हा तपासला. थंडीतल्या सामन्यांचे ते आकडे या वादाला सगळ्यात जास्त उपयोगी. लीगने ते प्रसिद्ध केले नाहीत. मुलाने आणि पुतण्याने, दोन्ही संघांच्या चाहत्यांनी, मिळून तेच मागायला हवेत.