पुढचं दार कायदेशीर, मागचं दार टोळ्यांचं

भारतातून फोन आला की हा प्रश्न हमखास येतो: "तुमच्याकडे गांजा कायदेशीर आहे ना?" नाही. नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर नाही, सरकार त्याकडे कानाडोळा करतं. 1976 च्या कायद्याने गांजा-चरस एकीकडे आणि हेरॉइन-कोकेन दुसरीकडे अशी विभागणी केली. आज कॉफीशॉपमध्ये, म्हणजे गांजा-चरस विकायची सूट असलेल्या दुकानात, 18 वर्षांवरच्या माणसाला 5 ग्रॅमपर्यंत माल मिळतो. दुकानात 500 ग्रॅमपेक्षा जास्त साठा नको, दारू नको, जाहिरात नको.

खरी गोम इथेच आहे. विकलेलं चालतं, पण पिकवणं आणि दुकानाला पुरवणं हा गुन्हा! पुढच्या दाराने गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवून आत येतं, दुकानदार मिळकतीवर कर भरतो, आणि मागच्या दाराने येणारा माल वर्षानुवर्षं बेकायदा बागांमधून येत राहिला. या बागा चक्क राहत्या वस्तीत असतात. घराच्या माळ्यावर, मीटरला बगल देऊन चोरलेल्या विजेवर, प्रखर दिव्यांखाली रोपं वाढवतात. हिवाळ्यात सगळ्या गल्लीच्या छपरांवर बर्फ असताना एकच छप्पर कोरडं दिसलं की पोलिसांना संशय येतो, कारण आतल्या उष्णतेने बर्फ टिकत नाही. त्या ओढाताण केलेल्या वायरिंगमुळे आग लागली तर होरपळतात शेजारी. अर्धवट सूट दिली की असं होतं. काळा बाजार जागेवरच राहतो, त्याला फक्त एक खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं.

डिसेंबर 2023 मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग या शहरांत सरकारी प्रयोग म्हणून परवानाधारक उत्पादकांचा माल विकायला सुरुवात झाली. आता हा प्रयोग 10 नगरपालिकांत चालू आहे. माल सीलबंद, आत काय आहे ते पाकिटावर छापलेलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. सुरुवातीला चरसाचा पुरवठा कमी पडला, आणि हीच खरी कसोटी आहे: परवान्याचा माल पुरला नाही किंवा परवडला नाही, तर गिऱ्हाईक जुन्या वाटेने जाणारच.

पण यातून टोळ्या संपतील असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. त्यांचा मोठा पैसा कोकेनमध्ये आहे. 2019 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये वकील डेर्क विरसुम यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घातल्या, 2021 मध्ये पत्रकार पेटर आर. दे फ्रीस यांना भररस्त्यात. दोघेही टोळीविरुद्धच्या एकाच खटल्यातल्या साक्षीदाराच्या बाजूने उभे होते. रॉटरडॅम बंदरात कंटेनरमधून कोकेन काढायला अल्पवयीन मुलंही पाठवली जातात. कोकेनची दुकानं निघावीत असं मला मुळीच वाटत नाही, पण नुसती शिक्षा वाढवून ही मुलं थांबतील यावरही माझा विश्वास नाही. टोळी त्यांना शाळेबाहेर, मोबाइलवर गाठते. त्यांच्यापर्यंत आधी कोण पोहोचतं, यावर बरंच काही अवलंबून आहे.