सध्या काय वाचतेय: एक भटजी, एक बाई आणि 1857

मी आमच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसते. परत आलेल्या पुस्तकाची नोंद होईपर्यंत सभासद हमखास विचारतात, “मॅडम, तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?” मागे रांग असते, म्हणून मी एखादं नाव सांगते आणि विषय तिथेच राहतो. आज मात्र सविस्तर सांगते. सध्याच्या वाचनात मन इतकं रमलंय की एका नावावर भागणार नाही.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तकं मी एकाच वेळी वाचतेय. दुपारी भटजी, रात्री लक्ष्मीबाई. दोघांनीही लेखक म्हणून नाव काढावं यासाठी आयुष्य घालवलेलं नाही. आयुष्य आधी जगून झालं, लिहिणं खूप नंतर आलं. अलीकडे मला अशाच माणसांचं लिहिणं जास्त जवळचं वाटतं.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्यातल्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं आणि तिशीच्या आसपासचा हा भिक्षुक काकांबरोबर उत्तरेला निघाला. साल 1857. इंदूरजवळच्या महूच्या आसपास पोचतात तोच शिपाई बिघडल्याची कुणकुण लागते. शहाणा माणूस मागे फिरला असता. हे दोघे पुढे जातात, कारण रिकाम्या हाताने घरी कसं परतायचं?

पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहराच्या तटाच्या आत होते. शाळेत आपण हा वेढा एका ओळीत शिकलो, सेनापतीचं नाव आणि साल. भटजींच्या पानांत शहर लुटलं जातं ते पायरीपायरीने. आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. ज्याने घरोघरी जेवणावळी आणि दानं पाहिली आहेत, त्यालाच घरातून काय काय गेलं हे असं क्रमवार दिसू शकतं. झाशीच्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूसही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. रोज पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्या मला त्या पानावरून पटकन पुढे जाता येत नाही.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग तर सगळ्यांनी वाचावाच. धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी लक्ष्मीबाई विहिरीशी येते. भटजी तिच्यासाठी पाणी शेंदायला पुढे होतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असं म्हणून ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. एवढंच. राणीचा पुतळा उभारायचा म्हणून भटजी हे सांगत नाहीत. कुठे काय जेवलो, दक्षिणा किती मिळाली, वाटेत कुणी लुटलं, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात हेही सांगतात. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. घरी परतले तेव्हा पैसा जवळ राहिला नव्हता, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली होती. ती पानं वाचताना मला भरून येतं.

प्रत निवडताना एक लक्षात ठेवा. भटजींनी हे लिहिलं 1883च्या सुमारास, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते छापलं 1907 साली, आणि छापताना भाषा बरीच घासूनपुसून घेतली. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. जमेल तर पोतदारांची घ्या. वाक्यं लांबलचक आहेत, पहिली काही पानं अडखळायला होतं. मग भटजींचा आवाज ऐकू यायला लागतो आणि थांबवत नाही.

आता ‘स्मृतिचित्रे’. ही दोन पुस्तकं मी काही ठरवून जोडीने घेतली नव्हती. पण लक्ष्मीबाईंची गोष्टही 1857पासूनच सुरू होते. त्यांच्या आईचे वडील त्या धामधुमीत फाशी गेले, आणि त्याचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. एका फाशीचे पडसाद नाशिकजवळच्या जलालपूरच्या एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं कसे उमटत राहिले, हे इतिहासाचं कुठलं पुस्तक सांगेल? (आणि झाशीची राणी काय, या काय, माहेरी दोघीही मनू, लग्नानंतर दोघीही लक्ष्मीबाई. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं.)

रात्री मी हे पुस्तक सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्यांची नजर आता साथ देत नाही. मध्येच म्हणतात, “थांब गं, ते परत वाच.” परत वाचलं की हसतात, आणि मग त्यांच्या आत्याची, मावशीची एखादी गोष्ट निघते. मनात वाचताना हे पुस्तक चांगलं वाटतं, पण मोठ्याने वाचलं की त्याचा खरा बाज कळतो. लक्ष्मीबाई अक्षरं गिरवायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचं गद्य लेखणीतून आल्यासारखं वाटतच नाही, ते बोलण्यातून आलेलं आहे.

नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. न सांगता घर सोडून जाणारे, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकणारे. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग एकत्र आले, आणि पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्यामागून फरपटत जाऊन नव्हे, तर जात आणि विटाळ यांचा स्वतःशी विचार करून. मला हा सगळा भाग पुस्तकाचा गाभा वाटतो. नवऱ्यावरचा राग त्या झाकत नाहीत आणि प्रेमही झाकत नाहीत. आत्मचरित्रात माणसं सहसा यातलं एक काहीतरी निवडतात. पुस्तकाचा चौथा भाग पुरा व्हायच्या आतच, 1936 साली, त्या गेल्या. तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला.

“मग कादंबऱ्या नाही वाचत?” असं कुणी विचारतं. वाचते की. पण या महिन्यात मन इथेच आहे.

तिसरं पुस्तकही नुकतंच घरी नेलंय, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तेही याच जातीचं, कामात आकंठ बुडालेल्या बाईने नंतर लिहिलेलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींची वेठबिगारी आणि त्याविरुद्धचा लढा हा त्याचा विषय. मे 1945मध्ये हजारो वारली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. माझं वाचन अजून तिथपर्यंत पोचायचंय; सध्या मी सावकारांच्या वाड्यांवर काय चालायचं त्याच पानांत आहे, आणि ती पानं सावकाशच वाचावी लागतात. पुढच्या वेळी पुस्तक बदलायला याल तेव्हा त्याबद्दल नक्की विचारा.