एक हजार रुपये, सहा महिने

नोकरीची सगळी वर्षं सहकारी बँकेत गेली, त्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेतून पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातल्याची बातमी आली तेव्हा नातेवाइकांचे फोन मलाच. "काका, रोज हजार रुपये काढता येतील ना?" रोज कुठले! खात्यामागे एक हजार, तेही सहा महिन्यांत मिळून.

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँक असे निर्बंध घालते. लोकांना तो अन्याय वाटतो, मला नाही. ठेव आज मागितली की आज द्यावी लागते, कर्ज मात्र पंधरा-वीस वर्षांत फिटतं. रांग एकदा दाराबाहेर गेली की धडधाकट बँकही बसते. तेव्हा कुलूप लावणं बरोबरच. माझं भांडण आहे ते कुलूप किती दिवस राहतं याच्याशी.

पीएमसीच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या आसपास, एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहात अडकले होते. ते झाकायला हजारो खोटी खाती दाखवल्याचा आरोप झाला. (आमच्याकडे पन्नास हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार आणायला लावायचे.) ठेवीदार रस्त्यावर आले, त्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर. पैसे काढायची मर्यादा एक हजाराची दहा हजार झाली, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार. एक लाखापर्यंत यायला जून २०२० उजाडला.

त्याच्या अधेमधे येस बँक, ही मोठी खासगी बँक. ५ मार्च २०२० ला तिथेही पैसे काढण्यावर मर्यादा आली, पण सुरुवातच ५० हजारांपासून. स्टेट बँकेनं ६,०५० कोटी घातले, इतर मोठ्या बँकाही आल्या आणि १८ मार्चला संध्याकाळी सहा वाजता निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक रुपया बुडाला नाही. तोटा सोसला तो एटी-वन रोखे (बँक अडचणीत आली तर पैसे बुडू शकतात, या अटीचे रोखे) घेणाऱ्यांनी, त्यांचे सुमारे ८,४०० कोटी शून्य झाले. येस बँक पडली असती तर तिच्यासोबत बरंच काही पडलं असतं, हे मान्य. पण पीएमसीत पैसे अडकलेल्या भांडुपच्या पेन्शनरला हे समजावायचं कसं?

पीएमसीवाल्यांची सुटका २५ जानेवारी २०२२ ला, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर. सुटका तरी कसली! पाच लाखांपर्यंतची ठेव, बँक अडचणीत आली की ठेवीदाराला पैसे देणाऱ्या ठेव विम्यातून आली, त्यावरची हप्त्याहप्त्यानं, आणि मोठ्या ठेवीची शेवटची रक्कम दहा वर्षांनी. पहिली पाच वर्षं त्यावर व्याजही नाही.

या सगळ्यातून बाकीच्यांचं मात्र भलं झालं. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर थिजलेली होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. पूर्वी विम्याचे पैसे बँक अवसायनात, म्हणजे कायमची बंद करून हिशेब मिटवायला, निघाल्यावरच मिळायचे, आणि तोवर वर्षं जायची. २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं. फरक फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसला. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी गायब निघाले, निर्बंध आले. पण दोनच आठवड्यांत २५ हजार काढायची मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये बँक सारस्वतमध्ये विलीनही झाली.

आता मला फोन येतात ते वेगळेच. परवा एक गृहस्थ मोठ्या हुशारीनं सांगत होते, "पाच-पाच लाख एकाच बँकेच्या तीन शाखांत टाकलेत." अहो, विमा माणशी, बँकेमागे. शाखा कितीही असोत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखच. उद्याच दोन एफडी मोडतो म्हणाले. मी म्हटलं, मुदत संपेपर्यंत थांबा, नाहीतर व्याज कापतील.