‘विचारसरणी कोणती?’ या एका रकान्यात अडकलेले २३ दिवस

मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत काम करते. वर्गावर शिकवत नाही. मुलांची गैरहजेरी, घरचे प्रश्न, मारामाऱ्या हे सगळं बघणाऱ्या टीममध्ये आहे. इथे २०१५ च्या कायद्यानं शाळा, दवाखाने, तुरुंग, नगरपालिका सगळ्यांवर एक जबाबदारी टाकली आहे: एखादी व्यक्ती हिंसक, अतिरेकी विचारांकडे ओढली जात असेल तर ते वेळीच ओळखायचं आणि कळवायचं. याला ‘प्रिव्हेंट’ म्हणतात. शाळेत किंवा एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) नव्यानं लागलेली आपली मराठी मंडळी मला विचारतात, ते ट्रेनिंग अवघड असतं का? ट्रेनिंग अवघड नाही. माझं घोडं अडलं ते नंतर.

गृहखात्याचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, एका बैठकीत होतो. ‘नोटिस, चेक, शेअर’ (लक्षात घ्या, खात्री करा, कळवा) हे तीन शब्द डोक्यात बसले की झालं. खरं शिकायला मिळालं ते दुसऱ्या ट्रेनिंगमध्ये, जिथे सगळ्या खात्यांची माणसं एकत्र बसवली होती.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गोल टेबलं होती. माझ्या टेबलावर मी, शाळांना भेटी देणारी एक नर्स, युवक केंद्रावरचा एक मुलगा, एक पोलीस हवालदार आणि नगरपालिकेच्या घरांची दुरुस्ती बघणारे एक गृहस्थ. प्रत्येकाला एकेक बंद पाकीट दिलं, आत एकाच काल्पनिक मुलाबद्दलची एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीत होतं, ‘सोमवारी उशिरा येतो, इतिहासाच्या तासाला वाद घालतो.’ नर्सकडे, ‘झोप लागत नाही अशी तक्रार.’ दुरुस्तीवाल्यांकडे, ‘बॉयलर बघायला गेलो तेव्हा खोलीला आतून दोन कड्या, भिंतीवर नकाशे.’ एकेकटी चिठ्ठी काहीच सांगत नव्हती. पाचही टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि आम्ही सगळे गप्प झालो. ते गृहस्थ म्हणाले, “मी रोज दहा घरांत जातो. मला आजवर कुणी विचारलंच नाही.” हे वाक्य मी विसरलेले नाही.

निघताना आम्ही पाचही जणांनी एकमेकांचे थेट नंबर घेतले. हे तुम्हीही नक्की करा. ऑफिसचा सामायिक ईमेल घेऊ नका, माणसाचा नंबर घ्या. का ते पुढे कळेल.

मार्च २०२५ मध्ये आमच्याकडच्या एका मुलाबद्दल मला फॉर्म भरावा लागला. (त्याची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) तो शाळांमधल्या गोळीबारांचे व्हिडिओ बघायचा, मारेकऱ्यांची नावं तारखेसकट सांगायचा. एक दिवस वहीच्या मागच्या पानावर त्यानं आमच्या जेवणाच्या हॉलचा आराखडा काढला होता, दरवाज्यांसह. ती वही माझ्या हातात आली तेव्हा माझे हात गार पडले. पेन्सिलनं काढलेला, खोडून खोडून नीट केलेला आराखडा. मी त्याच दिवशी आमच्या शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेच्या प्रमुख बाईंना दाखवला. बाईंनी लगेच पोलिसांना कळवलं. त्यांनी येऊन चौकशी केली, घरात धोकादायक काही नाही याची खात्री केली. मग आम्ही प्रिव्हेंटचा फॉर्म पाठवला.

आठ दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा: ‘विचारसरणी स्पष्ट करावी.’

कुठली स्पष्ट करायची? तो ना कुठल्या धर्माचं बोलत होता, ना वंशाचं. त्याला मारणाऱ्यांचं आकर्षण होतं, एवढंच. मी तसंच लिहिलं आणि पुन्हा पाठवलं. सहा दिवसांनी पुन्हा परत, तोच शेरा. सामायिक ईमेलवर चार पत्रं लिहिली, चारही वेळा ‘आपला संदेश मिळाला’ हे आपोआप जाणारं उत्तर. फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज. आणि तो मुलगा रोज सकाळी पावणेनऊला माझ्यासमोरून गेटमधून आत येत होता.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला ते सांगते. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात घुसून एका सतरा वर्षांच्या मुलानं तीन लहान मुलींचा जीव घेतला. त्याला २०१९ ते २०२१ या काळात तीनदा प्रिव्हेंटकडे पाठवलं होतं आणि तिन्ही वेळा प्रकरण बंद झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा चौकशी अहवाल जाहीर झाला. त्यात सरळ म्हटलं आहे की ठरावीक विचारसरणी दिसत नाही यावरच जास्त भर दिला गेला आणि प्रकरणं वेळेआधी बंद झाली. अहवाल फेब्रुवारीत येतो आणि मार्चमध्ये माझा फॉर्म त्याच कारणावरून परत येतो! तीन मुली गेल्या, त्यांच्या आईवडिलांनी हे वाचलं तर काय वाटेल?

तेविसाव्या दिवशी मी त्या टेबलावरच्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, “ईमेल सोड. पॅनेलचं काम बघणारी बाई मला माहीत आहे.” (पॅनेल म्हणजे अशा प्रकरणात काय मदत द्यायची ते ठरवणारी समिती.) अर्ध्या तासात त्या बाईंचा मला फोन आला. त्यांनी फॉर्म पाहिलेलाच नव्हता. मधल्या टेबलावरूनच तो परत फिरत होता. त्यांच्याकडे कामाचा ढीग होता हे मला मान्य आहे. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ८,७७८ प्रकरणं आली, आदल्या वर्षी ६,९२२ होती. पण ढीग आहे म्हणूनच कुणीतरी फोन उचलायला हवा होता. बाईंनी दहा मिनिटांत सांगितलं: हिंसेचं आकर्षण हीच काळजी म्हणून लिहा, विचारसरणीच्या रकान्यात ‘स्पष्ट नाही’ लिहा आणि खाली त्याचे स्वतःचे शब्द द्या.

इथे एक आठवलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसकट त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘तो आक्रमक वाटतो’ याचा उपयोग शून्य. ‘मंगळवारी ११ च्या सुमारास म्हणाला…’ याचा उपयोग होतो. माझं प्रकरण उभं राहिलं ते वहीच्या त्या पानाच्या फोटोवर आणि अशा सात नोंदींवर.

पुढे प्रकरण ‘चॅनल’ पॅनेलपुढे गेलं. नगरपालिकेचा माणूस अध्यक्ष, बरोबर पोलीस, आरोग्य, शिक्षण, समाजसेवा. सगळे एका टेबलाशी, अगदी त्या पाकिटांसारखे. पण चॅनलची मदत घेणं ऐच्छिक आहे, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. त्याच्या आईनं पहिलाच प्रश्न विचारला, “माझ्या मुलावर पोलिसांचा शिक्का बसणार का?” ही गुन्ह्याची नोंद नव्हे हे मी सांगितलं, आणि माहिती पोलिसांच्या यंत्रणेत राहते हेही लपवलं नाही. लपवलं असतं आणि तिला नंतर कळलं असतं, तर तिनं दार कायमचं लावून घेतलं असतं. ती बराच वेळ हातातल्या किल्ल्या फिरवत बसली. मग म्हणाली, “मीच दोन महिने कुणाला तरी सांगायचं म्हणत होते.” आणि सही केली.

संमतीच्या भेटीला गणवेशातला पोलीस नको, असं आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं होतं, त्यामुळे ती निदान खुर्चीत बसली.

मेपासून एक मार्गदर्शक आठवड्यातून एकदा त्याला भेटतो, झोपेसाठी आणि भीतीसाठी डॉक्टरही जोडून दिले आहेत. भेटीला शाळेतलीच खोली देतो, संगीताच्या वर्गाशेजारची. परवा तासाऐवजी दीड तास झाला तरी दोघं बाहेर आले नव्हते. मी दार वाजवलं नाही.