‘लो रिस्क’ लिहून काय साधतं?

आत्महत्येचे विचार असलेल्या रुग्णाची तपासणी संपली की केसपेपरच्या तळाशी बहुतेक वेळा एकच शब्द येतो: लो, मीडियम किंवा हाय. शिक्का मारला की लिहिणाऱ्याला हायसं वाटतं. पण तोच रुग्ण रात्री दोन वाजता पुन्हा कॅज्युअल्टीत आला, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्या शब्दाचा काडीचा उपयोग होत नाही. लो म्हणजे कुणाच्या तुलनेत? किती दिवसांपुरतं? आणि काय घडलं की ते बदलेल?

२०१७ मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा, की नेहमीच्या जोखीम घटकांवरून वर्तवलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं ठरतं, आणि एवढ्या वर्षांत त्यात सुधारणाही झालेली नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सरळच सांगून टाकलं: पुढच्या आत्महत्येचा अंदाज बांधायला स्केल (गुण देणाऱ्या प्रश्नावल्या) वापरू नका आणि लो-मीडियम-हाय अशी प्रतवारी करून कुणाला उपचार द्यायचे, कुणाला घरी पाठवायचं हे ठरवू नका. यामागे साधं गणित आहे. स्वतःला इजा करून रुग्णालयात आलेल्या शंभर जणांपैकी पुढच्या वर्षभरात आत्महत्येनं मृत्यू होणारे साधारण एक-दोन असतात. त्यामुळे ‘हाय’ ठरलेले बहुतेक जण जगतात. ‘लो’च्या गठ्ठ्यात माणसंच इतकी जास्त असतात, की बरेचसे मृत्यू त्यातूनही येतात.

म्हणून तपासणीचा उद्देश भाकीत हा नसतो. या माणसाला आत्ता कशानं घेरलंय, त्यातलं काय बदलता येईल आणि पुढच्या काही दिवसांत कुणी काय करायचं, हे ठरवणं म्हणजे तपासणी. (हे वाचणाऱ्याच्या मनात सध्या असे विचार असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या माणसाला, डॉक्टरला किंवा मदतवाहिनीला सांगा. धोका आत्ताचा असेल तर एकटं राहू नका, सरळ आपत्कालीन विभागात जा.)

चाळणीसाठी छोट्या प्रश्नावल्या आहेत. ‘एएसक्यू’मध्ये चार प्रश्न असतात. त्यातल्या एकालाही ‘हो’ आलं की ‘हे विचार आत्ता येताहेत का’ हा पाचवा विचारतात. कोलंबिया स्केल ‘झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का’ इथून सुरू होऊन विचार, पद्धत, इरादा, ठरलेली योजना आणि प्रत्यक्ष कृती अशा पायऱ्या चढतं. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा नववा प्रश्नही याचाच. ही सगळी साधनं संवादाचं दार उघडायला उत्तम. बिघडतं ते विचारण्याच्या पद्धतीत. डोळे संगणकाच्या पडद्यावर, हात टायपिंगवर आणि तोंडी प्रश्न, ‘जिवाचं बरंवाईट करायचे विचार वगैरे नाहीत ना?’ याला नाही म्हणणं सगळ्यात सोपं. मानसोपचार तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष भेटींचे व्हिडिओ तपासणाऱ्या संशोधकांनाही नेमकं हेच आढळलं: प्रश्न नकारार्थी असला की उत्तरही नकाराकडे झुकतं. विचारल्यानं डोक्यात कल्पना भरते ही भीती मात्र निराधार आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत, विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नव्हता.

स्वतःला इजा केलेला रुग्ण असेल तर आधी शरीर. पण तिथे एक सापळा आहे. इजा वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ निघाली म्हणून इरादाही किरकोळ होता असं समजलं जातं. प्रश्न असा हवा: ‘तेव्हा तुम्हाला काय होईल असं वाटत होतं?’ निरुपद्रवी गोष्टीनं नक्की मरू असं वाटलेला माणूस आणि गंभीर इजा होऊनही मरायचं मनात नसलेला माणूस, दोघेही भेटतात. वाचल्यावर काय वाटलं, हा पुढचा प्रश्न. दारू चढलेली असेल, तर सुरक्षित ठेवून ती उतरल्यावर पुन्हा बोलायचं. नशेत म्हटलेलं खोटं मानून लगेच सोडून देणं ही मोठी चूक.

मुलाखत बंद दाराआड, रुग्णाशी एकट्याशी, आणि बसून. मानसोपचार तज्ज्ञ शॉन शिया यांची कालक्रमाची पद्धत इथे कामाला येते: आधी आत्ताचा प्रसंग, मग गेले दोन महिने, मग त्याआधीचा इतिहास आणि शेवटी या क्षणी मनात काय आहे. मतं विचारायची नाहीत, घटना विचारायच्या. ‘तुम्ही किती गंभीर होता?’ याला प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या मापानं येतं. ‘मग तुम्ही काय केलंत? त्यानंतर? कुणाला फोन केलात? कशामुळे थांबलात?’ यातून प्रसंग चित्रासारखा उलगडतो आणि गाळलेली जागा लक्षात येते. ‘इतका त्रास असताना बऱ्याच जणांना मरणाचे विचार येतात, तुम्हाला?’ असं म्हटलं की लाज थोडी गळते. ‘दिवसातून किती वेळा? वीस? तीस?’ असा मोठा आकडा मुद्दाम पुढे केला की माणूस ‘नाही हो, दहाएक वेळा’ म्हणतो. नुसतं ‘किती वेळा?’ विचारलं असतं तर ‘कधीतरी’ एवढंच मिळालं असतं. आजच्याबरोबर सगळ्यात वाईट दिवसाचंही विचारावं. त्या दिवशी माणूस कुठवर गेला होता हे आजच्या उत्तरापेक्षा बरंच जास्त सांगतं.

आणि ‘नाही’ या उत्तरावर सगळी भिस्त ठेवायची नाही. बुश, फॉसेट आणि जेकब्स यांनी २००३ मध्ये, रुग्णालयात किंवा डिस्चार्जनंतर लगेच आत्महत्या केलेल्या ७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचं शेवटचं बोलणं नोंदलेलं होतं त्यांच्यापैकी ७८ टक्क्यांनी त्यात असे विचार नाकारले होते. मात्र तीव्र चिंता किंवा अस्वस्थता बहुतेकांत दिसत होती. म्हणून बोलण्याइतकंच दिसणाऱ्याकडे लक्ष: झोप किती रात्री उडालीय, एका जागी बसवतं का, हात चोळणं, येरझाऱ्या. नवं औषध सुरू झाल्यावर आलेली बेचैनी तर आवर्जून विचारावी. अकथिसिया, म्हणजे एका जागी स्वस्थ बसू न देणारी बेचैनी, हा औषधाचा दुष्परिणाम आजाराच्या नावावर खपून जातो, औषध आणखी वाढवलं जातं आणि त्रासही वाढतो.

नातेवाइकांशी बोलणं अनेकदा गोपनीयतेच्या नावाखाली टळतं. रुग्णानं सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय इतरांना सांगण्यावर मर्यादा आहेत, पण नातेवाईक जे सांगतात ते ऐकून घ्यायला कुठलीच आडकाठी नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देणंही योग्यच.

आता त्या शिक्क्याच्या जागी काय लिहायचं? पिसानी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली चौकट मला सगळ्यात कामाची वाटते. चार गोष्टी लिहायच्या: इतर कोणत्या रुग्णांच्या तुलनेत धोका किती, त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीच्या तुलनेत किती, आधार कुठले आणि नजीकच्या काळात काय बदलू शकतं. नोंद साधारण अशी दिसेल: ‘आमच्या ओपीडीतल्या इतर रुग्णांपेक्षा धोका जास्त, कारण आधी दोन प्रयत्न. स्वतःच्या मागच्या वर्षापेक्षाही जास्त, कारण दोन आठवडे झोप नाही आणि नोकरी गेली. मात्र दाखल झाला त्या दिवसापेक्षा कमी. बहीण सोबत राहतेय, त्याला औषध घ्यायचंय. पुढच्या मंगळवारी कोर्टाची तारीख आहे, निकाल विरुद्ध गेला किंवा बहीण परत गेली तर धोका झपाट्यानं वाढेल. त्या संध्याकाळी फोन करायचा, त्याच आठवड्यात भेट.’ रात्री दोनच्या डॉक्टरला यातून काहीतरी हाती लागतं. ‘तुलना कुणाशी’ हे लिहायची सवय लावायला थोडा काळ जातो, पण विचार स्वच्छ होतो.

यानंतर सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांच्या पद्धतीत सहा पायऱ्या आहेत: संकट येतंय हे ओळखायच्या खुणा, एकट्यानं करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येतील अशी माणसं, व्यावसायिक मदत आणि आसपासचा परिसर सुरक्षित करणं. अर्धा-पाऊण तास जातो. फॉर्म भरला की झालं, असं मानलं तर पाचच मिनिटं लागतात आणि कागद त्याच लायकीचा होतो. ‘मन रमवणे’, ‘सकारात्मक विचार’ अशी वाक्यं डॉक्टरच्या अक्षरात दिसली की समजावं, रुग्ण त्यात नाहीच. खूण त्याच्या शब्दांत हवी: ‘रात्री जेवल्यावर छातीत दडपण येतं आणि मी कुणाचेच फोन घेत नाही.’ प्रत्येक पायरीवर विचारायचं, ‘त्या वेळी हे प्रत्यक्ष कराल याची शक्यता किती? आड काय येईल?’ मित्राचं नाव लिहिलं तर नंबर मोबाइलमध्ये आहे का आणि मित्राला याची कल्पना आहे का, हेही बघायचं. एक प्रत त्याच्याकडे, फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत केसपेपरला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा आराखडा आणि नंतरचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन नेहमीच्या सेवेच्या तुलनेत ४५ टक्के कमी आढळलं. १,६४० रुग्णांचा तो अभ्यास २०१८ मध्ये आला.

याउलट, ‘मी स्वतःला काही करणार नाही’ असं लिहून सही घेणं. अजूनही घेतली जाते. ती रुग्णाला वाचवते याला पुरावा नाही, कायद्याच्या दृष्टीनंही तिला फारसा अर्थ नाही आणि सही मोडली तर तोंड कसं दाखवू म्हणून माणूस पुढचं लपवू लागतो.

सहावी पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि तीच बहुधा सर्वांत मोलाची. २००९ च्या एका अभ्यासात, प्रयत्नानंतर वाचलेल्या ८२ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, की त्या वेळचा पहिला विचार आणि कृती यांत दहा मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ गेला. लाट चढते तशी उतरते. ती उतरेपर्यंत साधन हाताशी नसणं, एवढंच साधायचं असतं. त्यामुळे घरात काय आहे, कुठे आहे, किल्ली कुणाकडे, हे मोकळेपणानं बोलायचं, शक्यतो घरच्या माणसाला समोर बसवून. ‘घरी काळजी घ्या’ ही सूचना नव्हे. कोण, कोणती वस्तू, आज किती वाजेपर्यंत घराबाहेर नेणार किंवा कुलूपबंद करणार, आणि झालं हे आपल्याला कोण कळवणार, इतकं ठरलं पाहिजे. प्रिस्क्रिप्शनही याच पायरीत मोडतं: आठवड्यापुरतीच औषधं, तीही घरच्यांच्या ताब्यात.

औषधांबद्दल थोडक्यात. मूळ आजाराचा उपचार हवाच. लिथियम या औषधानं आत्महत्येचा धोका कमी होतो याच्या बाजूनं बराच जुना पुरावा आहे, पण जास्त मात्रेत ते विषारी, म्हणून रक्तातली पातळी बघत आणि मोजून द्यायचं. स्किझोफ्रेनियात क्लोझापिन हे औषध, कारण २००३ च्या इंटरसेप्ट चाचणीत त्यानं आत्मघातकी वर्तन कमी झालेलं दिसलं. नैराश्यविरोधी औषधं २५ वर्षांखालच्या रुग्णाला सुरू केली किंवा मात्रा बदलली, तर पहिल्या काही आठवड्यांत लवकर आणि वारंवार भेट. नैराश्याच्या गोळ्या चालू झाल्या म्हणजे आत्महत्येच्या विचारांचा बंदोबस्त झाला असं नाही. त्या विचारांवर थेट काम करणारे उपचार वेगळे: डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी), आत्महत्येवर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी थेरपी), डेव्हिड जोब्स यांची कॅम्स पद्धत (यात रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून आत्महत्येच्या विचारांमागची कारणं शोधतात). ब्राऊन यांच्या २००५ च्या चाचणीत दहा सत्रांच्या सीबीटीनंतर दीड वर्षात पुन्हा प्रयत्न होण्याची शक्यता निम्म्यावर आली होती.

दाखल करायचं ते इरादा आणि योजना ठाम असेल, भ्रम किंवा प्रचंड अस्वस्थता असेल, किंवा घरी सुरक्षित ठेवणारं कुणीच नसेल तेव्हा. दाखल केल्यानं वेळ मिळतो, उपचार आपोआप होत नाही. सोबत बसवलेली व्यक्ती मोबाइलमध्ये गुंग असेल तर तो पहारासुद्धा नव्हे.

खरा धोक्याचा काळ डिस्चार्जनंतरचा. २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणात, मानसोपचार वॉर्डातून सुटल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचा दर वर्षाला लाखामागे १,१३२ या हिशेबानं निघाला. तरीही पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली जाते. इथे फार थोड्या खर्चात फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर केलेल्या चाचणीत एका गटाला एक तासाचं समुपदेशन आणि दीड वर्षात नऊ संपर्क, फोनवर किंवा घरी जाऊन, एवढंच जास्तीचं दिलं. त्या गटात आत्महत्येनं मृत्यूचं प्रमाण २.२ टक्क्यांऐवजी ०.२ टक्के राहिलं. अमेरिकी मानसोपचार तज्ज्ञ जेरोम मोटो यांनी तर डिस्चार्जनंतर उपचार नाकारलेल्यांना नुसती चार ओळींची पत्रं पाठवली. काही मागणं नाही, तारखेची आठवण नाही, फक्त विचारपूस. पहिली दोन वर्षं पत्रं मिळालेल्या गटात मृत्यू कमी झाले.

तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर, कोण फोन करणार त्याचं नाव, दिवस आणि वेळ हवी. पहिला फोन दोन दिवसांच्या आत. उचलला नाही तर त्याच दिवशी पुन्हा, मग ज्याची संमती आधीच घेऊन ठेवलीय त्या नातेवाइकाला. तोही लागला नाही आणि शेवटच्या नोंदीत काळजीचं काही असेल, तर घरी कोण जाणार, हे रुग्ण वॉर्डात असतानाच ठरवून लिहून ठेवावं. रुग्ण न आलेली तारीख ‘आला नाही’ एवढं लिहून बंद करायची नाही, ती त्या दिवशीच्या कामांच्या यादीत सर्वांत वर जाते.