काळ्या थुंकीत लाल कुठून दिसणार?

आई दर आठवड्याला लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायची. तो करपत आला की घरभर सगळ्यांना ठसका लागायचा. मग वाटून पूड डबीत, आणि रोज सकाळी बोटाने हिरड्यांवर. आमच्या कऱ्हाडकडच्या गावात कित्येक बायकांचं दात घासणं म्हणजे मशेरी लावणंच.

गेल्या पावसाळ्यात ती भाकरी चहात बुडवून खायला लागली. खालचे पुढचे दात लांब दिसत होते, मधे फटी पडल्या होत्या. "वय झालं गं," म्हणाली. वय एकसष्ट! हिरडी खाली सरकली की दात लांब दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. रक्त येत नाही ना, मग हिरड्या ठीक, असं मी धरून चालले होते.

दातांच्या डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे सरकवली. फट किती खोल त्याचे आकडे त्या सांगत होत्या, मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, सहा, सात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. साताला दाताभोवतीचं हाड झिजलेलं होतं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. मी रक्ताचं विचारलं. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं, म्हणाल्या. शिवाय मशेरीच्या काळ्या थुंकीत लाल कुठून दिसणार? आईला साखरेचा त्रास आहे, त्याने हिरड्या आणखी बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही.

"सफाई केली की दात हलतात," आई अडून बसली. शेजारच्या काकूंचे हलले होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "आजी, दात आधीच सैल झालेले असतात. किटणाने ते जखडून ठेवलेले असतात, एवढंच." तरी दोन दात काढावेच लागले. बाकीच्यांची मुळापर्यंतची सफाई भूल देऊन केली, चार खेपांत.

सफाईपेक्षा मशेरी सोडणं अवघड गेलं. पोट साफ होईना, डोकं धरायचं. मी तिला रागावले नाही. चाळीस वर्षांची सवय आहे ती.

त्याच दिवशी मी माझंही तोंड दाखवलं. वर्षभर ब्रशवर गुलाबी डाग दिसायचा, म्हणून मी ती बाजू घासायचंच टाळत होते. नेमकं उलटं करायला हवं होतं: मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं, आणि रात्री झोपतानाही. माझी नुसती सूज होती. दोन आठवड्यांत रक्त थांबलं.

आता आई रोज सकाळी पेस्टचा फेस पांढऱ्या बेसिनमध्ये थुंकते आणि नळ सोडण्याआधी वाकून नीट बघते.